स्क्रीन लहान, पान शहाणं

मोबाइलवर एखादी वेबसाइट उघडायची, अक्षरं मुंगीएवढी दिसली की दोन बोटांनी ताणून मोठी करायची, ओळ वाचता वाचता पान उजवीकडे सरकवायचं आणि पुढच्या ओळीसाठी परत डावीकडे आणायचं... हा खेळ आपल्यापैकी बहुतेकींनी खेळलेला आहे. चार ओळींत जीव मेटाकुटीला येतो. मग "मले त काहीच दिसून नाही राह्यलं" म्हणत मोबाइल मुलाच्या नाहीतर पुतण्याच्या हातात दिला जातो. वर दोषही स्वतःलाच! आपले डोळे गेले, आपल्याला यातलं कळत नाही, आपलं शिक्षणच कमी पडलं, वगैरे वगैरे.

डोळे जरूर तपासून घ्यावेत. पण बऱ्याचदा दुखणं त्या पानाच्या मांडणीत असतं. मांडणी म्हटलं की आपल्याला स्वयंपाकघरातली भांड्यांची मांडणी आठवते. तिथेही हाच प्रश्न असतो ना? जागा किती, भांडी किती, रोज लागणारं हाताशी काय ठेवायचं आणि सणावारी लागणारं वर कुठे सारायचं. वेबसाइटचं पान मांडणाऱ्यालाही हेच ठरवावं लागतं. त्याने फक्त कॉम्प्युटरच्या मोठ्या स्क्रीनचा विचार केला, तर हातात मोबाइल घेतलेली बाई बाहेरच राहते. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात, मेहकर असो की मोताळा, इंटरनेट म्हणजे मोबाइल हेच खरं. म्हणून हा विषय फक्त कॉम्प्युटर शिकलेल्या मुलांचा राहिलेला नाही. तो आपलाही आहे.

असं झालं कसं?

२००० सालाच्या आसपास इंटरनेट म्हणजे सायबर कॅफे आणि तिथला तो पोटाळ, बोजड मॉनिटर. स्क्रीनवरचं चित्र बारीक ठिपक्यांचं बनलेलं असतं, त्यांना पिक्सेल म्हणतात. त्या काळच्या कितीतरी मॉनिटरवर आडवे ८०० आणि उभे ६०० ठिपके मावत. म्हणून वेबसाइट करणारे पानाची रुंदी ७६० किंवा ७८० ठिपके अशी पक्की करून टाकत. पुढे १०२४ ठिपक्यांचे मॉनिटर आले, तशी पानं ९६० ठिपक्यांची झाली. काही वेबसाइटच्या तळाशी तर सूचनाच असायची, की ही वेबसाइट ८०० बाय ६०० च्या स्क्रीनवर उत्तम दिसते. म्हणजे पाहुण्याने आपल्या मापाचं ताट घरून आणायचं!

२००७ मध्ये अमेरिकेत आयफोन आला. त्याची स्क्रीन उभी धरली तर रुंदी फक्त ३२० ठिपके. जगातल्या वेबसाइट तर त्याच्या तिप्पट रुंद. मग त्या फोनमध्ये एक युक्ती केली गेली. प्रत्येक पान ९८० ठिपके रुंद आहे असं धरायचं आणि ते अख्खं आवळून छोट्या स्क्रीनवर बसवायचं. पान पूर्ण दिसायचं, पण अक्षरं मुंगीएवढी. पुढे बाकीच्या कंपन्यांच्या फोनमध्येही असाच प्रकार आला. आजही एखाद्या पानात 'मोबाइलच्या रुंदीप्रमाणे बस' असं सांगणारी एक ओळ नसेल, तर आपला मोबाइल ते पान असंच आवळून दाखवतो. या ओळीला 'व्ह्यूपोर्ट'ची ओळ म्हणतात. एका ओळीचा विसर आणि हजारो बायकांच्या डोळ्यांना ताण, असा हा मामला आहे.

२०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओची सेवा सुरू झाली, इंटरनेट स्वस्त झालं आणि खेडोपाडी पोहोचलं. २०१७ मध्ये आलेल्या जिओफोनची स्क्रीन तर अवघी २.४ इंचांची होती, म्हणजे आगपेटीपेक्षा थोडी मोठी. एकाच घरात आजीकडे असा बटणांचा फोन, सुनेकडे साडेसहा इंची स्मार्टफोन, नातवाकडे कॉलेजचा लॅपटॉप आणि बैठकीत मोठा टीव्ही. पान एकच, स्क्रीन चार. मग ते मांडायचं कोणाच्या मापाने?

ब्लाउज, साडी आणि पंगत

याची उत्तरं मुख्यतः चार आहेत. नावं इंग्रजी असली तरी गोष्टी आपल्या घरातल्याच आहेत.

पहिली मांडणी ठरावीक रुंदीची. हा शिवलेला ब्लाउज समजा. ज्या मापाचा शिवला त्या मापाला छान बसतो, दुसरीच्या अंगाला एकतर ढगळ होतो नाहीतर चढतच नाही. कॉम्प्युटरच्या मापाने केलेलं पान मोबाइलवर आडवं सरकवावं लागतं ते यामुळेच.

दुसरी प्रवाही मांडणी. ही आपली साडी. पाच-साडेपाच मीटर कापड तेच, पण सडपातळ असो की अंगाने भरलेली, निऱ्या कमी-जास्त केल्या की बसते. यात पानाची रुंदी ठिपक्यांत न मोजता टक्क्यांत धरतात. स्क्रीन रुंद असेल तर मजकूर पसरतो, अरुंद असेल तर आकसतो. पण यातही अडचण आहेच. फार मोठ्या स्क्रीनवर एकेक ओळ इतकी लांब होते, की वाचताना पुढची ओळ कुठे सुरू झाली तेच सापडत नाही. आणि फार लहान स्क्रीनवर तीन रकाने शेजारी शेजारी असतील, तर प्रत्येक रकान्यात जेमतेम एक-एक शब्द मावतो.

तिसरा उपाय म्हणजे दोन वेबसाइट. कॉम्प्युटरसाठी वेगळी, मोबाइलसाठी वेगळी. ऐकायला बरं वाटतं, पण दोन चुली पेटत्या ठेवायच्या म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे! एका ठिकाणी पापडाचा नवा भाव चढवला आणि दुसरीकडे विसरलं, की गिऱ्हाइकाशी वाद ठरलेला.

चौथी मांडणी आज जगभर चालते. तिला 'रिस्पॉन्सिव्ह' म्हणतात, म्हणजे समोरचा पाहून प्रतिसाद देणारी. २५ मे २०१० रोजी ईथन मार्कॉट नावाच्या अमेरिकन वेब डिझायनरने 'अ लिस्ट अपार्ट' या नियतकालिकातल्या लेखात ही कल्पना नाव देऊन मांडली. त्याने तीन गोष्टी एकत्र आणल्या. रकाने टक्क्यांत मोजायचे, चित्रं जागेप्रमाणे लहान-मोठी होऊ द्यायची आणि स्क्रीन किती रुंद आहे हे पाहून मांडणीच बदलायची. त्याच्या दहा वर्षं आधी, २००० मध्ये, जॉन ऑलसॉप या ऑस्ट्रेलियातल्या लेखकाने त्याच नियतकालिकात सांगून ठेवलं होतं, की वेबचं पान म्हणजे छापील कागद नाही. ते कोणाच्या हातात कसं दिसेल ते आपल्या ताब्यात नसतं आणि हीच त्याची ताकद मानायला हवी.

आपल्या भाषेत ही झाली पंगत. लग्नाच्या मोठ्या मांडवात चार पंगती शेजारी शेजारी बसतात. तीच माणसं घरच्या अरुंद ओसरीत जेवायला बसवायची तर एकच रांग धरावी लागते. जेवण तेच, वाढण्याचा क्रम तोच, फक्त बसण्याची तऱ्हा बदलते. रिस्पॉन्सिव्ह पानावर कॉम्प्युटरवर शेजारी दिसणारे तीन रकाने मोबाइलवर एकाखाली एक येतात. वरच्या पट्टीतली लांबलचक यादी तीन आडव्या रेघांच्या बटणात गुंडाळली जाते. आडवं सरकवायचं कामच उरत नाही, अंगठ्याने फक्त वर-खाली करायचं.

आपल्या जिल्ह्याचं पान

लांब कशाला जायचं? आपल्या जिल्हा प्रशासनाची वेबसाइट बघा, बुलढाणा डॉट एनआयसी डॉट इन. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने, शासकीय वेबसाइटसाठी एक तयार साचा केला आहे. त्याच्या नावातच 'सुगम्य' हा शब्द आहे, म्हणजे कोणालाही सहज पोहोचता येईल असं. देशातल्या कितीतरी जिल्ह्यांच्या वेबसाइट याच साच्यावर चालतात आणि आपलीही त्यातच आहे. आधी ती कॉम्प्युटरवर बघा, मग मोबाइलवर. वरची विषयांची पट्टी मोबाइलवर बटणात जाते, मजकूर एका रांगेत येतो. अक्षरं लहान-मोठी करायची सोय आहे, मराठी-इंग्रजी निवडायचीही आहे. लोणारच्या सरोवराची माहिती काढणारा पुण्याचा पर्यटक आणि कार्यालयाचा फोन नंबर शोधणारी संग्रामपूरची बाई, दोघांसाठी पान एकच.

यामागे नियमही आहेत. वेबची जागतिक मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०१८ च्या नियमावलीत सांगितलं, की मजकूर ३२० ठिपक्यांच्या रुंदीतही आडवं न सरकवता वाचता आला पाहिजे. हा नियम मुळात कमी दिसणाऱ्या माणसांसाठी केला, कारण अक्षरं चौपट मोठी केली की मोठी स्क्रीनसुद्धा मोबाइलएवढीच उरते. म्हणजे एकाच नियमाने साठीतल्या सासूबाईंचीही सोय झाली आणि छोट्या मोबाइलवाल्या सुनेचीही! भारत सरकारच्या शासकीय वेबसाइटसाठीच्या मार्गदर्शक सूचनांची २०२३ मधली तिसरी आवृत्ती याच नियमावलीला धरून आहे.

तरीही एक खडा लागतोच. पान शहाणं असलं तरी त्यावर चढवलेले आदेश, याद्या, जाहिराती बऱ्याचदा पीडीएफ असतात. पीडीएफ म्हणजे छापील कागदाचा फोटोच म्हणा ना. तो स्क्रीनप्रमाणे वळत नाही. अशा वेळी मोबाइल आडवा धरा, अक्षरं थोडी तरी मोठी दिसतील.

पान वाचता येणं म्हणजे पैसा आपल्या हाती असणं

यात एवढं बिघडतं काय, असं कोणी विचारेल. उदाहरण ताजं आहे. २०२४ च्या जुलैपासून राज्यात 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना सुरू झाली, महिन्याला दीड हजार रुपयांची. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये सरकारने लाभार्थी महिलांना वेबसाइटवर ई-केवायसी करायला सांगितलं. आधार क्रमांक घाला, चित्रातली अक्षरं ओळखून लिहा, मोबाइलवर आलेला ओटीपी घाला. काम तीन-चार पायऱ्यांचं.

कोणत्याही वेबसाइटवर असं काम करताना चौकोन स्क्रीनच्या बाहेर गेला, बटण दिसेना, अक्षरं वाचता येईनात, तर बाई काय करते? मोबाइल दुसऱ्याच्या हातात देते. मोबाइलसोबत आधार क्रमांक जातो आणि ओटीपीही जातो. तो हात घरच्या लेकीचा असेल तर ठीक. पण हात अनोळखी असेल, तर तोच ओटीपी बँकेच्या खात्यापर्यंत पोहोचू शकतो. आपल्या पैशाचा, आपल्या नावाचा कारभार आपल्याला स्वतः करता येणं यात पानाच्या मांडणीचा असा वाटा असतो. म्हणून 'दिसत नाही' ही तक्रार लाजून गिळायची नाही. वेबसाइटवर 'संपर्क' किंवा 'अभिप्राय' असतो, तिथे लिहायचं. कोणत्या मोबाइलवर काय दिसलं नाही, एवढं लिहिलं तरी पुरे.

बचत गटाची वेबसाइट करताना

आता दुसरी बाजू. आपल्याकडे कितीतरी गट पापड, शेवया, सरगुंडे, बिबडे, तिखट, हळद विकतात. पुण्या-मुंबईला गेलेली आपली माणसं हे पदार्थ मागवायला उत्सुक असतात. समजा, चिखली तालुक्यातल्या एखाद्या गटाने ठरवलं, की आपली वेबसाइट हवी. वेबसाइट करणारा मुलगा येतो, लॅपटॉप उघडतो आणि मोठ्या स्क्रीनवर झकास पान दाखवतो. वर फिरती चित्रं, डावीकडे यादी, उजवीकडे फोटो. सगळ्या खूश! गटाच्या खात्यातून पैसे दिले जातात.

पण गिऱ्हाईक ते पान कुठे बघणार? लोकलमध्ये उभी राहून मोबाइलवर. तिला आधी फिरतं चित्र उतरायची वाट पाहावी लागली आणि मग भाव शोधायला आडवं सरकवावं लागलं, तर ती पान बंद करून मोकळी होईल. आणखी एक. २१ एप्रिल २०१५ पासून गूगल मोबाइलवरच्या शोधात मोबाइलला साजेशा पानांना झुकतं माप देऊ लागलं. २०१८ पासून तर टप्प्याटप्प्याने वेबसाइटचं मोबाइलवरचं रूपच मुख्य धरून तिची नोंद घेणं सुरू केलं. म्हणजे मोबाइलवर बिघडलेलं पान शोधातही मागे पडू शकतं.

म्हणून काम उलट्या टोकाकडून सुरू करायचं. आधी सगळ्यात लहान स्क्रीन, मग मोठी. लहान जागेत काय मावेल हे ठरवताना आपोआप कळतं, की सगळ्यात महत्त्वाचं काय. गटाचं नाव, पदार्थ, वजन, भाव आणि मागवायचा नंबर. एवढं पहिल्या नजरेत दिसलं की अर्धं काम झालं. गटाचा इतिहास, बक्षिसांचे फोटो, पाहुण्यांचे सत्कार खाली राहू द्या. तयार साचा निवडत असाल, तर तो रिस्पॉन्सिव्ह आहे का, हे पहिलं विचारा.

आपल्या मराठीच्या खोड्या

इंग्रजीसाठी केलेला साचा मराठीला तसाच बसेल असं नाही. आपल्या अक्षरांना वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार. इंग्रजीच्या मापाने ओळी जवळ ठेवल्या, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. म्हणून ओळींमध्ये अंतर जास्त हवं, अक्षरही थोडं मोठं हवं.

मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतो. 'स्वयंसहाय्यता गटांसाठीच्या' असं मथळ्यात मोठ्या अक्षरात लिहिलं, की लहान स्क्रीनवर शब्द बाहेर जातो नाहीतर मध्येच तुटतो. मोबाइलवर मथळ्याची अक्षरं लहान व्हायला हवीत, किंवा मथळाच सुटसुटीत हवा.

तिसरी खोडी आपण स्वतः करतो. फ्लेक्सवाल्याकडून करून घेतलेलं भावफलकाचं पोस्टर तसंच वेबसाइटवर चढवतो. चित्र लहान झालं की अक्षरंही लहान होतात. गूगलच्या शोधातही ते भाव नीट सापडतील याचा भरवसा नाही. भाव बदलला की पुन्हा नवं पोस्टर! भाव नेहमी अक्षरांत लिहून घ्यायचे, तेही युनिकोडमध्ये. डीटीपीच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर तसाच चिकटवला, तर मराठीऐवजी भलतीच इंग्रजी अक्षरं दिसतात.

घरच्या घरी तपासा

पैसे द्यायच्या आधी एवढं जरूर करा.

१. वेबसाइट घरातल्या किंवा गटातल्या सगळ्यात लहान, सगळ्यात स्वस्त मोबाइलवर उघडा. न ताणता वाचता आली पाहिजे.

२. पान आडवं सरकतं का बघा. सरकत असेल तर कुठेतरी एखादी वस्तू ठरावीक रुंदीची राहिली आहे. बहुधा ते एखादं मोठं चित्र नाहीतर भावाचा तक्ता असतो. पाच रकान्यांच्या तक्त्याऐवजी एकेका पदार्थाची चौकट एकाखाली एक हवी.

३. मोबाइल आडवा करा, परत उभा करा. दोन्ही वेळा पान नीट बसलं पाहिजे.

४. मोबाइलच्या सेटिंगमध्ये अक्षरं मोठी करून बघा. शब्द एकमेकांवर चढता कामा नयेत.

५. अंगठ्याने बटण दाबून बघा. बटण साधारण ९ मिलिमीटरचं तरी असावं, दोन बटणांत अंतर असावं. 'मागवा' दाबताना 'रद्द करा' दाबलं जाऊ नये!

६. जिथे रेंज कमी असते अशा जागी, शेतात नाहीतर आतल्या खोलीत, उघडून बघा. पान फार वेळ घेत असेल तर फोटो हलके करायला सांगा.

७. कॉम्प्युटरवरही बघा. खिडकीची कड माउसने धरून हळूहळू अरुंद करा. पानाने आपली मांडणी बदलली तर ते रिस्पॉन्सिव्ह. नुसतं कापलं गेलं तर ब्लाउजच!

मोठ्या स्क्रीनला विसरा असं मात्र कोणी समजू नये. बँकेतले साहेब किंवा एखादा मोठा व्यापारी तुमचं पान ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बघेल. तिथे ओळी या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेल्या नसाव्यात. साधारण दहा-बारा शब्दांची ओळ डोळ्यांना बरी पडते. मजकुराच्या रुंदीला कमाल मर्यादा घालता येते, तशी घालून घ्या.

यातलं काहीही करायला तुम्हाला वेबसाइट बनवता यायला हवी असं नाही. साडी विणता येत नसली तरी पदर उलटून पोत आपण बघतोच ना? तसंच हेही. करून देणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, "दादा, लॅपटॉपवर नंतर दाखव. आधी माझ्या मोबाइलवर उघडून दे." तिथे नीट दिसलं, तरच उरलेले पैसे द्यायचे. आणि ही अट काम सुरू होण्याआधी कागदावर लिहून घ्यायची, बरं का!